न चोळलेला पाय

"ह्यो पाय मी नाय चोलनार," आवडाबाई म्हणाली आणि तिने तेलाची वाटी लांब सरकवली.

सत्याऐंशी साल. मला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. दुसरं बाळंतपण, म्हणून नौपाड्यात सासरीच. आवडाबाई कोळीवाड्यातून रोज सकाळी यायची. बाळाला पायांवर घेऊन लोण्यासारख्या हाताने चोळायची, माझी कंबर रगडून काढायची आणि जाताजाता मामंजींचा आखडलेला खांदाही मोकळा करून द्यायची. पण आधी कोरड्या, उलट्या हाताने सगळं अंग चाचपायची. तेल लागलं की अंगाचा ताप कळत नाही, असं ती सांगे.

त्या दिवशी तिचा हात माझ्या डाव्या पोटरीवर थांबला. पोटरी सुजली होती, तापली होती. आदल्या दिवसापासून ठणकतही होती. पण सुनेच्या दुखण्याची तक्रार सुनेने करायची नसते, एवढी अक्कल मला सासरी मिळाली होती.

सासूबाईंना हा कामचुकारपणा वाटला. त्यांच्या चारही बाळंतपणांत पाय भरून आले होते आणि चोळल्यावर उतरले होते. आवडाबाईने दवाखान्याचं नाव काढताच त्या उसळल्या. डॉक्टरकी कधी शिकलीस, म्हणाल्या. तुला जमत नसेल तर मागच्या आळीतल्या कलावतीला बोलावते, ती मुकाट चोळेल.

आवडाबाई उठली. वाटीतलं तेल तिने मोरीत ओतलं. मग फळीवरची बरणी काढली आणि तीही रिकामी केली. चांगलं घाण्याचं तेल.

"बोलवा कलावतीला," आवडाबाई म्हणाली. "मी हितंच बसते. पोरीच्या पायाला कोन हात लावतंय, बघतेच."

आणि ती खरोखरच माझ्या पायाशी फतकल मारून बसली. शेवटी मामंजींनी चपला घातल्या आणि रिक्षा आणली. बायकोला न विचारता त्यांनी केलेलं मला आठवतं ते हे एकच काम.

शिरेत रक्ताची गाठ होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाय चोळलात का? सासूबाई खाली बघून नाही म्हणाल्या. चोळला असता तर गाठ सुटून फुफ्फुसात गेली असती, सून हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

दोन आठवड्यांनी मी घरी आले. आवडाबाईला दोनदा निरोप गेला, ती आली नाही. मग सासूबाई स्वतः कोळीवाड्यात गेल्या आणि तिला घेऊन आल्या. तेलाची वाटी त्यांनीच तिच्यापुढे ठेवली.

"आवडाबाई, तुला कळलं कसं गं?" सासूबाईंनी विचारलं.

तिने बाळाला पायांवर घेतलं, तळहातांवर तेल चोळलं.

"शकू माजी धाकटी बहीन. दहाव्या दिवशी तिचा पाय असाच तापलेला. चुलीपाशी उठून उभी रायली नि पडली ती पडलीच."

"तिचा पाय कुणी चोळला होता?"

"मी," आवडाबाई म्हणाली. "अर्धा तास."

मला रडू आवरेना.

"बाय, बालाचं पानी निवेल," बाळाच्या छातीवर हात फिरवत आवडाबाई म्हणाली.

सासूबाई उठल्या आणि घंगाळ उचलून तिच्यापाशी घेऊन आल्या.