खिडकीकडची बाजू

मी वॉर्डातला पडदा बोलतो आहे. दारावरचा नव्हे, खिडकीवरचाही नव्हे. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या, खाली चाके आणि अंगावर हिरवे कापड, असा माझा देह आहे. रुग्णाच्या खाटेभोवती उभे राहायचे आणि चार लोकांच्या नजरा अडवायच्या, एवढेच माझे काम. आयुष्यभर आड उभा राहिलो. आज मात्र आडपडदा न ठेवता बोलणार आहे. थकलेल्याने फार लांबण लावू नये, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. ज्या नळ्यांतून मी घडलो, त्यांतूनच सलाईनचे स्टँड आणि खाटांचे कठडे तयार झाले. म्हणजे आम्ही सख्खी भावंडे. परंतु भावंडांची नशिबे सारखी नसतात. स्टँडवर बाटली टांगली की नातेवाईक त्याच्याकडे आशेने पाहू लागतात. कठड्याला धरून रुग्ण उठून बसतो आणि कठड्याला थोपटतो. मला पाहून कुणाला धीर आला, असे मला स्मरत नाही.

यात माझा अपराध कोणता, ते सांगतो. साऱ्या वॉर्डाला पडदा एकच. जखम बांधायची असो, अंग पुसायचे असो, मलाच आणत. एखाद्याची अखेर जवळ आली की तेथेही मलाच नेत. जखम बांधून होताच मला दूर सारत. अखेरच्या प्रसंगी मात्र मी तासन्‌तास उभा असे. लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. त्यातून माझे एक चाक करकरत असे. तो आवाज आला की वॉर्डभर श्वास रोखले जात.

"आला बघा. कुणाकडं निघालाय?"

"आपल्याकडं नाही ना? मग पेपर द्या इकडं."

अशा बोलण्याची मी सवय करून घेतली होती. पुढे खिडकीजवळच्या खाटेवर एक बसचालक दाखल झाले. मांडीच्या मागे, अगदी वरच्या बाजूला झालेले गळू, साखरेच्या जुन्या दुखण्यामुळे चिघळलेले. डॉक्टरांनी ते कापून मोकळे केले. जखम आत खोल होती. ती रोज धुऊन, आत औषधाची पट्टी भरून बांधायची होती.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. पंखा जोरात की हळू, यावरून दोघांची दिवसभर जुंपलेली असे. एका सकाळी मी करकरत पोस्टमास्तरांकडे गेलो. सायंकाळी मला हलवले, तेव्हा ती खाट रिकामी होती आणि गादी गुंडाळलेली होती. बसचालकांनी पंखा स्वतःच हळू करायला सांगितला आणि भिंतीकडे तोंड केले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला त्यांच्याकडे घेऊन निघाल्या.

"ते धूड माझ्याजवळ आणायचं नाही!"

"अहो काका, फक्त ड्रेसिंग करायचंय."

"मग करा की त्याच्याशिवाय."

"सगळ्या वॉर्डासमोर? लुंगी सोडून?"

"तसं असेल तर नकोच."

त्यांची पत्नी वैतागली. "अहो, एवढे घाट उतरलात, आणि एका फडक्याला भिता?"

"फडक्याला नाही गं. फडक्यामागं जो येऊन बसतो, त्याला."

ती पदराने डोळे पुसत बसली.

दुसरा आडोसाही त्यांना चालेना. अंगावर चादर धरली, तरी ते 'नको' म्हणत. ताप चढू लागला. डॉक्टरांनी अधिक कडक औषध सुरू केले. माझा भाऊ, तो स्टँड, अहोरात्र बाटली धरून उभा राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत. चालक त्यांना दुसराच पाय उचलून दाखवत. समुपदेशक बाई येऊन बसत. चालक त्यांना सगळ्या मार्गांवरचे खड्डे तपशिलाने सांगत, आणि माझा विषय निघाला की डोळे मिटून घेत. शेवटी डॉक्टर स्पष्टच बोलले.

"काका, औषध आतून लढतंय. पण बाहेरची घाण तुम्ही काढूच दिली नाही, तर औषधानं काय करावं? हे विष रक्तात उतरलं तर तुमचं काही खरं नाही."

चालकांनी ऐकले, मान डोलावली आणि हट्ट सोडला नाही.

मी त्यांच्या खाटेपासून हातभर अंतरावर उभा होतो. माणूस वाचण्यासाठी मी त्याच्याजवळ जायला हवे होते, आणि माझ्या भयानेच तो मरू घातला होता. पडद्याला याहून मोठा शीण दुसरा नसेल.

त्या दुपारी मला समोरच्या खाटेकडे नेत असता चालक तापातच ओरडले, "अरे, त्या चाकाला कुणी तेल देतं का नाही? माझी गाडी अशी वाजली असती तर प्रवासी उतरून गेले असते!"

"मग द्या की तुम्ही," वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या. "ऐकू येतंय तर आम्हालापण. पण इथं कुणाला सवड आहे?"

पत्नीने दुसऱ्या दिवशी घरून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली. चालक पालथे झोपले होते. मावशींनी मला घडी घालून खाटेच्या कडेला असे आडवे केले, की चाक त्यांच्या हाताशी यावे. त्यांनी मला प्रथमच स्पर्श केला. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेली ती बोटे चाकात शिरली.

"वाट लावलीय पार. धागे अडकलेत सगळे."

"पट्ट्यांचे असतील. रोज किती जणांच्या सोडतो."

धाग्यांच्या गुंत्यातून त्यांनी सदऱ्याचे एक निळे बटण ओढून काढले. "हे कुणाचं?"

मावशींनी ते उजेडात धरले. "अगं बाई! हे त्या सुताराचं. हर्नियाचा नव्हता का? घरी जाताना आत कपडे बदलत होता, तेव्हा तुटलं. शोधून शोधून दमला बिचारा."

"घरी गेला तो?"

"न जायला काय झालं? चालत गेला की."

चालकांनी चाक बोटाने फिरवून पाहिले. आवाज आला नाही.

"म्हणजे घरी जायचे कपडेसुद्धा याच्याच आत बदलतात?"

"मग काय सगळ्यांसमोर बदलायचे?"

त्या संध्याकाळी सिस्टर आल्या, तेव्हा चालक हळूच म्हणाले, "आणा तुमचं ते. पण खिडकीकडची बाजू उघडी ठेवायची. रस्ता दिसला पाहिजे. आणि ही आत बसणार."

माझी तिसरी चौकट सिस्टरांनी दुमडून ठेवली. वरचा मजला होता. त्या बाजूने कावळ्यांखेरीज कुणी पाहणार नव्हते. जखम धुताना असह्य दुखे. पत्नीचा हात आवळून धरत चालक खालच्या रस्त्यावर तोंडसुख घेत. "बघ, कसा वळवतोय! क्लच सोडतोय का दळण दळतोय?"

"तुम्ही हलू नका. तो वळवेल त्याची गाडी," पत्नी म्हणे.

हळूहळू ताप उतरला. त्यांना मी बरे केले, असे मी म्हणणार नाही. औषध होते, सिस्टरांचे हात होते, व्यायाम होता, पत्नीची सोबत होती. यांतले एकही दुसऱ्याच्या जागी चालले नसते. माझा वाटा म्हणाल तर थोडेसे कापड, तेही एका बाजूने दुमडलेले.

घरी जाण्याच्या दिवशी ते माझ्या आत उभे राहून कपडे बदलत होते. तेव्हा खिडकीकडची बाजू त्यांनी स्वतःच ओढून घेतली.

त्यालाही आता काळ लोटला. वॉर्डात छताला रूळ बसले आहेत. प्रत्येक खाटेला स्वतःचा पडदा आहे. माझ्या चौकटी वाकल्या. मागच्या बोळात माझ्यावर रबरी हातमोजे वाळत घालत असत. आज भंगारवाला आला आहे.

जाता जाता एकच विनवणी करतो. कुणाच्याही खाटेभोवती पडदा ओढण्यापूर्वी तो कशासाठी ओढता, ते त्या माणसाला सांगा. जमले तर एक बाजू उघडी ठेवा.

बोळाचा दरवाजा अरुंद असल्याने मावशींनी मला वॉर्डातूनच बाहेर नेले. दोन्हीकडे भरलेल्या खाटांमधून मी गेलो. चाक वाजले नाही. कुणी पेपर वाचत होते, कुणी पेज पीत होते. एकानेही मान वर केली नाही.

एवढ्या वर्षांत प्रथमच. मला फार बरे वाटले.