नसलेला खळगा

साधनानं म्हाताऱ्याची हनुवटी डोळे तपासायच्या मशीनच्या टेकूवर बसवली आणि कपाळ पट्टीला टेकवलं.

“हिरव्या खुणेकडं पाहा. हलू नका.”

“कुठी हाय खूण, बाई?”

“समोरच. पाहत राहा.”

फाइलवरचं नाव तिनं सकाळीच वाचलं होतं. नत्थुजी गावंडे, बाळापूर, वय अडुसष्ट. तिच्या बापाचं नाव. ती तीन महिन्यांची असताना त्यानं तिला आणि आईला हिवरखेडला माहेरी सोडलं, ते कायमचं. बाईनं गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोरीचे डोळे मुगाएवढे झाले, असं चार माणसांत सांगून. आई, इंदूबाई, अजूनही ग्रहण लागलं की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची.

पडद्यावर चित्र उमटलं. दृष्टिपटलाच्या मधोमध एक लहानसा खळगा असतो. माणसाचा चेहरा, बारीक अक्षर त्यानंच नीट दिसतं. इथं तो नव्हता. सगळं जाड, सपाट, मध्ये एक घडी. बाहेरून डोळे चारचौघांसारखे, आतून आखूड.

तिनं स्वतःचा जुना स्कॅन शेजारी उघडला. तीच घडी, त्याच जागी.

“घरात अजून कोनाले होतं असं?”

“माह्या बापाले. त्याचे डोळे तं दिसाले बी बारीक होते. मले लहानपनापासून जाड भिंगं. लग्नात बापानं चष्मा काढून ठेवाले लावला.”

“मंग पोरीचे डोळे पाहून बापाची याद नाही आली?”

म्हाताऱ्यानं हनुवटी उचलली. “कोन पोरगी?”

“इंदूबाईची.”

तो पुढं झुकला. तिचा चेहरा वीतभर अंतरावर आल्यावर थांबला आणि बराच वेळ तिच्या डोळ्यांकडं पाहत राहिला.

“आली होती याद,” तो म्हणाला. “म्हनूनच तं…”

तो मागं सरकला.

साधनानं रिपोर्ट छापून घेतला आणि त्यावर तळहात ठेवला.

“डोळ्यातला दाब लय वाढला हाय तुमचा. आज लेझर नाही झालं तं हाय ती नजर बी जाईल. हा कागद आत गेला की डॉक्टर बोलावतील. पन पहिले आईले खरं सांगा.”

तिनं नंबर लावून फोन त्याच्यासमोर धरला. स्पीकर चालू होता.

“इंदू, मी नत्थू.” तो फोनकडं झुकला. “पोरीचे डोळे माह्या घरचे होते. मले ठाऊक होतं. तुह्यात काही खोट नव्हती.”

आई रडेल, असं साधनाला वाटलं. तिचा हात कागदावरून निघाला.

“ऐकू नाही आलं,” इंदूबाई म्हणाली. आवाज कोरडा ठणठणीत. “साधना, बाहेर मानसं बसली हायेत काय?”

“हो. वीसेक असतील.”

“दार उघड.”

साधनानं दार उघडलं. बाकांवरच्या माना वळल्या.

“आता सांगा,” फोनमधून आवाज आला. “मोठ्यानं.”

साधना जागेवर येऊन बसली आणि तिनं हात पुन्हा कागदावर ठेवला.