नियाभाऊची माय

सिनेमा बिघडवला, अशी तक्रार सगळ्या जगात चालली होती आणि भाग्येशला ती तोंडपाठ झाली होती. जुन्या काळचा तो परदेशी उडता वीर नव्याने पडद्यावर येणार म्हटल्यापासून त्याचा निळा पोशाख राखेच्या रंगाचा का केला, पाठीवरची झूल का काढली, तो आता हसत का नाही, यावरून माणसे मोबाइलवर एकमेकांचे गळे धरत होती. केळीच्या बागेत पाणी चालू करून भाग्येश बांधावर बसे आणि ते सारे वाचत राही. त्या एवढ्या मोठ्या रागात त्याच्या गावाचा, ब्राह्मणपुरीचा, राग कुठेच बसत नव्हता. बसणार तरी कसा? ब्राह्मणपुरीने पाहिलेला सिनेमा जगात दुसऱ्या कोणी पाहिलाच नव्हता.

गावात त्या वीराला नियाभाऊ म्हणत. निळ्या कपड्यांचा, म्हणून नियाभाऊ. घरोघर टीव्ही नव्हते तेव्हा शहाद्याचे नथमल शेठ टीव्ही, व्हिडिओ आणि जनरेटर बैलगाडीत घालून गावोगाव तंबू ठोकीत. नियाभाऊची कॅसेट इंग्रजीत होती आणि तंबूत बसलेल्यांपैकी एकालाही इंग्रजी कळत नव्हते. शेठने मग भाग्येशच्या वडिलांना, दोधूला, टीव्हीशेजारच्या खुर्चीवर बसवून हातात माईक दिला. दोधू दोन वर्षे सुरतेच्या कापड गिरणीत राहून आला होता. त्यामुळे त्याला इंग्रजी येते अशी गावाची समजूत होती आणि त्यानेही ती कधी मोडली नव्हती. चित्रातली माणसे ओठ हलवीत आणि अहिराणी दोधूच्या तोंडून निघे. भरल्या विहिरीत घागर बुडावी तसा त्याचा आवाज होता, खोल, सावकाश आणि शेवटी किंचित घुमणारा.

त्या आवाजात नियाभाऊ ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाई, ऊसतोड कामगारांना लुबाडणाऱ्या दुष्ट मुकादमाशी भांडे, आणि काम आटोपले की आकाशातून थेट आपल्या मायकडे येई. शेवटी शेवटी एक प्रसंग होता. नियाभाऊची म्हातारी माय एका लांब लाकडी पेटीत निजलेली दिसे, छातीवर फुले. तंबू चिडीचूप होई. मग दोधू सांगे, तिकडे थंडी भलती, म्हणून तिकडची माणसे पेटीत झोपतात. आणि नियाभाऊच्या हलणाऱ्या ओठांवर तो हळूच शब्द ठेवी, "झोपू द्या मायले. सकायले उठाडसूत."

मायला झोपू द्या, सकाळी उठवू, एवढेच ते वाक्य तालुक्यात रुजले. बैल बसला, एसटी बंद पडली, चावडीवर कोणाची मान कलली, की कोणीतरी दोधूच्या आवाजाची नक्कल करून म्हणे, झोपू द्या मायले. व्हिडिओचे तंबू गेले, नथमल शेठ गेले, वाक्य राहिले. ते दोधूचे आहे हे मात्र लोक विसरले. ते नियाभाऊचे झाले.

मागच्या वर्षी दोधूच्या घशात गाठ निघाली. सुरतेच्या दवाखान्यात स्वरयंत्र काढून टाकले आणि गळ्याच्या खळगीत श्वासासाठी एक भोक ठेवले. त्यावर तो पांढरा रुमाल बांधी. दवाखान्यातून एक यंत्रही मिळाले होते, लहान टॉर्चएवढे. गळ्याला लावून ओठ हलवले की त्यातून शब्द निघत. दोधूने घरी एकदाच ते लावून पाहिले. डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज आला. बेबीबाईने, त्याच्या बायकोने, पदर तोंडाला लावून मान फिरवली. ती डोळे पुसत होती, पण दोधूला ते दिसले नाही. त्याला फक्त फिरवलेली मान दिसली. त्याने यंत्र देवाच्या फळीवर ठेवून दिले, आणि त्या दिवसापासून त्या घरात एक माणूस नुसता बसलेला असे.

नवा सिनेमा येणार म्हणून भाग्येशने जुना शोधून काढला आणि मोबाइलवर, हिंदी भाषांतरासह, पहिल्यांदा नीट पाहिला. मुकादम नव्हता. भाकर नव्हती. पेटीतली माय मेलेली होती, आणि वीर काहीच बोलत नव्हता, नुसता थरथरत्या ओठांनी उभा होता. भाग्येशने मोबाइल मांडीवर उपडा ठेवला.

वडिलांनी तसे का सांगितले, हे आईला विचारले तेव्हा ती चुलीपुढून उठलीही नाही.

"तुन्ही मोठी बहीण त्या वरीसले गयी. माले घरम्हाईन निंघू वाटेना. तुना आप्पानीच माले तंबूमा आणी बसाडं." तिने तव्यावरची भाकर उलटली. "ती पेटी दिखनी तसा मन्हा जीव घाबरना. त्यास्नी माले देखं, नि मंग तसं बोलनात."

"तुले माहीत व्हतं? खोटं शे म्हणीसन?"

"माले नही समजाव का मरेल मानूस? पन त्या रातले माले झोप लागनी."

त्या दिवसापासून भाग्येशने मनात एक आशा धरली, आणि तो आशा धरणाऱ्यांपैकी नव्हता, म्हणून ती त्याला जड झाली. आप्पांना तो सिनेमाला नेणार होता. अंधारात, तो प्रसंग आला की, सगळी ब्राह्मणपुरी ते वाक्य म्हणेल. त्या गलक्यात आप्पा यंत्र गळ्याला लावतील, कोणाला कळणारही नाही. एकदा चारचौघांत बोलले की माणूस पुन्हा बोलतो. नाही बोलले, तर ते आणखी किती दिवस असे भिंतीकडे पाहत बसतील, याचा विचार तो करू शकत नव्हता.

नथमल शेठच्या नातवाचे, रिषभचे, शहाद्यात मोबाइलचे दुकान होते. त्यानेच गावाच्या ग्रुपवर लिहिले की आजोबांच्या तंबूतल्या जुन्या मंडळींनी रविवारी दुपारच्या खेळाला यावे, जागा धरून ठेवतो. क्रूझर गाडी भरली. दोधू निघेल असे कोणाला वाटले नव्हते. तो धुतलेले धोतर नेसून, रुमाल नीट बांधून अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा बेबीबाईनेच फळीवरचे यंत्र काढून भाग्येशच्या पिशवीत ठेवले. दोधूने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. मग तिघेही गाडीत बसले.

थिएटरमध्ये पुढे कॉलेजची पोरे होती, मध्ये ब्राह्मणपुरी. दोधूला भिंतीकडची खुर्ची मिळाली, भाग्येशला त्याच्या शेजारची. पुढच्याच रांगेत रायसिंग होता, दोधूच्या बरोबरीचा आणि तंबूतला सर्वांत वरच्या आवाजाचा प्रेक्षक. दोधूची नक्कल त्याच्याइतकी हुबेहूब कोणाला येत नसे.

मध्यंतरापर्यंत ब्राह्मणपुरीची सहनशक्ती संपली होती.

"मुकादम कोठे शे?" रायसिंग मागे वळून म्हणाला. "अर्धा सिनेमा सरना, त्याना पत्ता नही."

"कपडा देख कसा कायाशार," फुलवंताबाई म्हणाल्या. "धुवाले कोनी नही का त्याले?"

"नि सारखा रडस काय? ह्याले उडाले सांगेल शे का रडाले?" रायसिंगने विचारले.

रिषभ समोसे वाटत होता. "काका, आते असंच चालस. देव नही दाखाडतस, मानूस दाखाडतस."

"मानूस आम्ही घर देखतस रे भो. त्यानासाठे शहादाले कशाले येवाले पाहिजे?"

सगळे हसले. दोधूही, भाग्येशला वाटले, ओठांच्या कडेने हसला. त्या हसण्याने भाग्येशला बळ आले. आयुष्यात फार कमी वेळा आला असेल असा धीर गोळा करून तो रायसिंगकडे झुकला.

"काका, जुनामा बी मुकादम नव्हता. मी देखं. ते सगळं आप्पानी मनथून जोडेल व्हतं."

त्याला वाटले होते, रायसिंगचा चेहरा उजळेल. तो वळून दोधूच्या पाठीवर थाप मारील. रायसिंग गोंधळून एकदा बापाकडे, एकदा मुलाकडे पाहू लागला.

"म्हंजे तुना बाप आम्हले खोटं सांगे?"

ते त्याने रागाने विचारले नव्हते. लहान मूल विचारते तसे विचारले होते, आणि म्हणून ते अधिक लागले. आजूबाजूच्या दोनतीन माना वळल्या. दोधू समोशाच्या कागदावरचे तेल बोटाने पसरवीत होता. बापाचे श्रेय बापाला द्यायचे, तर आधी त्याला लबाड ठरवावे लागत होते, हे भाग्येशला त्या क्षणी कळले. दुसरी वाटच नव्हती.

"नही काका," तो म्हणाला. "मन्हंच चुकनं व्हई. ती कॅसेट दुसरी व्हई."

"तेच म्हनस मी," रायसिंग निश्चिंत झाला. "दोधूले इंग्रजी येत व्हती. म्हणीसन तर शेठनी त्याले बसाडं."

दिवे गेले.

पेटी आली. या वेळी तिच्यावर झाकण होते. दोराने ती हळूहळू खड्ड्यात सोडली गेली, आणि वरून ओली माती पडण्याचा आवाज थिएटरच्या चारी भिंतींतून आला. नव्या सिनेमावाल्यांनी काहीच बदलले नव्हते. त्यांनी फक्त जुनेच, लपवायला जागा न ठेवता, दाखवले होते. पण ब्राह्मणपुरीची नियाभाऊची माय त्या दुपारी, त्या मातीखाली, पहिल्यांदा मेली.

"अरे, मारी टाकी," कोणीतरी म्हणाले. "मायले मारी टाकी ह्यास्नी."

फुलवंताबाई रडू लागल्या. त्यांच्या पलीकडे आणखी कोणी. भाग्येश वाट पाहत होता. आता म्हणतील. आता रायसिंग म्हणेल. पण माती पडत असताना ते वाक्य कोणाच्याच ओठांवर येईना. त्याचा आधारच गेला होता. भाग्येशचा हात पिशवीत होता. तो काढून घ्यावा असे त्याला वाटले, तोवर दुसरा एक हात, खरबरीत, त्याच्या हातावरून आत शिरला आणि यंत्र घेऊन गेला.

दोधूने रुमाल बाजूला केला. यंत्र गळ्याला टेकवले.

"झो-पू-द्या-मा-य-ले."

एकसुरी, सपाट, पत्र्यासारखा आवाज. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता, घुमणे नव्हते. थिएटरभर तो ऐकू गेला, कारण पडद्यावर नेमकी शांतता होती. पुढच्या पोरांत हशा पिकला. कोणी शिट्टी मारली, कोणी तसाच आवाज काढून दाखवला.

"सका-य-ले-"

"कोन शे रे तो?" अंधारात अर्धवट वळून रायसिंग ओरडला, आणि त्याचा आवाज रडण्याने भरलेला होता. "फोन बंद करा. आठे मानसे रडी ऱ्हायनात, नि ह्यास्ले खेळ सुचस."

यंत्र थांबले.

सांगायला हवे होते. काका, फोन नाही, आप्पा आहेत. एवढेच म्हणायला हवे होते. भाग्येशने तोंड उघडले. पुढची पोरे अजून हसत होती, मागून कोणी टॉर्च मारत होते, आणि त्या उजेडात आपला बाप गळ्यातले भोक उघडे टाकून दिसेल, या विचाराने त्याने तोंड मिटून घेतले. टॉर्चचा झोत भिंतीवरून फिरून गेला. दोधूने तोवर रुमाल बांधून घेतला होता. त्या दोघांत ज्याचा घसा शाबूत होता, तो गप्प राहिला.

उरलेला सिनेमा दोघांनीही पाहिला. म्हणजे त्या दिशेला तोंड करून बसले.

बाहेर ऊन कलले होते. बस स्टँडवरच्या गर्दीतून क्रूझर सुटली आणि कापसाच्या, केळीच्या शेतांमधून गावाकडे निघाली. गाडीत सगळे एकदम बोलत होते. मायला मारायची काय गरज होती, यावर एकमत झाले. पूर्वीचा सिनेमा खरा, हा खोटा, यावरही झाले. रिषभला सांगायचे की ती जुनी कॅसेट शोध, आजोबांच्या माळ्यावर असेल, आणि एकदा सगळ्यांना दाखव, असे ठरले. त्या कॅसेटवर काय आहे आणि काय नाही हे गाडीत तीन माणसांना ठाऊक होते. एक खिडकीशी होता, एक त्याच्या शेजारी, आणि बेबीबाई पुढच्या सीटवर रस्त्याकडे पाहत होती.

दोधूने यंत्राचे झाकण फिरवले. आतली बॅटरी काढून त्याने भाग्येशच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटे एकेक करून तिच्यावर मिटवली. मग काचेला डोके टेकवून डोळे मिटले. भाग्येशने बॅटरी खिशात टाकली.

"काय आवाज व्हता रे जुना नियाभाऊना," रायसिंग म्हणत होता. "आते तसा आवाज कोठे?" त्याने हुबेहूब तसा आवाज काढून नियाभाऊचे मुकादमाशी झालेले सगळे भांडण म्हणून दाखवले. खोल, सावकाश, शेवटी घुमणारा. वर्षभर ज्या आवाजासाठी भाग्येशचे कान झुरत होते, तो त्याच्या बापापासून हातभर अंतरावर, दुसऱ्याच्या गळ्यात जिवंत होता.

गावाच्या फाट्यावर गाडी थांबली. माणसे उतरू लागली. दोधू हलला नाही.

"आप्पा," भाग्येशने हळूच खांद्याला हात लावला.

"ऱ्हाऊ दे रे," रायसिंग उतरता उतरता मायेने म्हणाला, आणि मग सवयीने, त्याच आवाजात, "झोपू द्या मायले. सकायले उठाडसूत."

लोक हसले. दोधूचे डोळे मिटलेले होते, पण गळ्यावरचा रुमाल श्वासाने फार वेगात आतबाहेर होत होता. बेबीबाईने मागे वळून तो पाहिला. या वेळी तिने मान फिरवली नाही, आणि ते आता कोणी पाहिलेही नाही. भाग्येशने खिशात हात घातला. बॅटरी अजून कोमट होती.