चकचकीत हिटरचा गार वारा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला हिटर आहे. इंजिनाचं गरम पाणी माझ्या तांब्याच्या नळ्यांतून फिरायचं, मागचा पंखा वारा फेकायचा आणि पोलंडमधल्या सुवाउकी गावच्या कडाक्याच्या हिवाळ्यातही गाडीत ऊब पसरायची. तादेउश गाडी चालवायचा. त्याची बायको जेनोवेफा लहानग्या लेशेकचे बूट काढून त्याची पावलं माझ्यासमोर धरायची. "हा नसता तर पोर गारठलं असतं," असं म्हणायची. त्या कौतुकावर मी कितीतरी हिवाळे काढले.

तादेउश वारला आणि गाडी कोठारात पडून राहिली. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं. नळ्यांना चिरा गेल्या.

लेशेक पन्नाशीला आला, तेव्हा त्याला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांचा नाद लागला. त्याने मला उचकटून काढलं, उंदरांची घाण धुतली, गंज खरवडला, नवा पंखा बसवला, मूळचा राखाडी रंग दिला. चिरलेल्या नळ्या तेवढ्या तशाच ठेवल्या.

"पाणी जोडत नाहीस?" बहीण दानूताने विचारलं. "आईला नेणार आहेस ना यातून?"

"गळलं तर नवा गालिचा जाईल. परीक्षक काय आत हात घालून बघतात?"

प्रदर्शन जानेवारीत, ब्यावीस्तोकला होतं. पहिल्या मालकाची बायको फोटोत शोभेल म्हणून त्याने आईला बरोबर घेतलं. जाड कोट मात्र डिकीत टाकायला लावला. तिचा जुना निळा झगा दिसायला हवा होता.

वाटेत ती कुडकुडू लागली. "लेशेक, हिटर लाव रे."

त्याने बटण फिरवलं. पंखा घरघरला. तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि मी तिच्यावर बाहेरची बर्फाळ हवा सोडत राहिलो. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

"गारच येतंय रे."

"गरम आहे, आई. तुझेच हात बधिर झालेत. म्हातारपणी कळत नाही."

तिने हात मागे घेतले नाहीत. जरा वेळाने हळूच म्हणाली, "हो, आता लागतंय थोडं."

लेशेकला चषक मिळाला. परीक्षकांनी माझं खास कौतुक केलं. जेनोवेफाने मात्र अंथरूण धरलं, छाती भरली आणि बर्फ वितळायच्या आत ती गेली.

दफनाच्या दिवशी लेशेक माझ्या गाडीपाशी थांबला, मग दानूताकडे वळून म्हणाला, "तुझ्याच गाडीने जाऊ. तिथे ऊब तरी असते."



मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त कराल, तेव्हा तिला तिचं काम परत द्या. रंग नसता दिला तरी माझं चाललं असतं. मला पाणी हवं होतं, गरम पाणी.