तीस कोस

मी पुंजा, डाकेचा हरकारा. माझा रोजचा टप्पा तीन कोसांचा. त्या दिवशी मात्र अकोल्याहून अमरावतीपर्यंत तीस कोस धावायचे होते, कारण आई आजचा दिवस काढणार नाही, असा निरोप आला होता.

बडनेऱ्याच्या अलीकडे पाय दगडाचे झाले. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि रस्ता गाड्यांनी भरला होता. एक गाडीवान ओरडला, "काहून मरून राहिला बे? बस गाडीवर!"

"बसलो त उठता येनार नाई, दादा."

"मंग धाव! माहे बैल तुले पाहून लाजून राहिले."

पुढे मी अमरावतीचा विचारच सोडला. समोरच्या बाभळीपर्यंतच जायचे आहे, असे मनाशी खोटे बोलत एकेक बाभूळ मागे टाकली.

दिवस मावळताना घरात शिरलो. तापाने आईची दृष्टी गेली होती.

"कोन हाये? पुंजा आला का?"

मी तोंड उघडले. पण श्वासच उरला नव्हता, एक अक्षर फुटेना. तिचा तळवा उचलून मी छातीवर ठेवला. काळीज अजून धावतच होते. तिची बोटे किंचित हलली.

माझा आवाज परतला, तेव्हा ऐकायला ती उरली नव्हती.