किल्ली बयाबाईकडे

"आता मी तोंड फिरवतो. तुम्ही आकडे टाका," असं म्हणून ललितने खरोखरच भिंतीकडे तोंड केलं.

साळूबाई रिमोट हातात धरून टीव्हीसमोर उभी राहिली. पडद्याचे चौकोन झाले होते. एकात फाटक, एकात ओटा, एकात घरामागची पाण्याची टाकी. आपलंच घर असं तुकड्यातुकड्यांनी बघताना तिला जरा परकं वाटलं. कॉटवर ठेवलेल्या मोबाईलमधून दीपमालेचा आवाज येत होता, थेट बंगळूरहून.

"आई, माझी जन्मतारीख नको हं. कोणीही ओळखेल."

"मग काय टाकू?"

"फक्त तुलाच माहीत आहे असं काहीतरी."

आता आली का पंचाईत. साळूबाईचा सगळा जन्म मखमलाबादच्या मळ्यात, चार बायकांबरोबर ओट्यावर फुलं ओवण्यात गेलेला. तिला एकटीलाच माहीत असलेलं असं काय निघणार? शेवटी तिने नवऱ्याच्या जुन्या लुनाचा नंबर दाबला. त्या लुनावर शेवंतीच्या पाट्या बांधून ते भल्या पहाटे फुलबाजार गाठायचे. नंबर अख्ख्या मळ्याला पाठ होता, पण हे काही तिने बोलून दाखवलं नाही.

"झालं," ती म्हणाली.

ललितचं शहरात द्वारका चौकात कॅमेऱ्यांचं दुकान होतं आणि माणूस समजावून सांगणारा होता. "मावशी, कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवला असता तर दुनियेतल्या कोणीही तुमचा ओटा बघितला असता. आता बाहेरून आत यायला एकच वाट ठेवलीय, तिलाही कुलूप घातलंय. लाइट जाऊन आली की इंटरनेटचा पत्ता बदलतो, म्हणून तुमच्या घराला एक कायमचं नाव घेतलं. ताईंनी तिकडून ते नाव टाकायचं, मग पासवर्ड, की घर समोर."

"म्हंजे पासवर्ड ही किल्लीच म्हना की."

"किल्लीच समजा."

साळूबाईने मान डोलावली. एवढं तिला पक्कं समजलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

दिवाळीत पलीकडच्या बंगल्यात चोरी झाली, तेव्हापासून दीपमालेने धोशा लावला होता. घर भाड्याने दे, मळा कोणाला तरी कसायला दे आणि माझ्याकडे ये. साळूबाई हटत नाही म्हटल्यावर तिने कॅमेऱ्यांची तोड काढली. दाराला आपोआप लागणारं लॅच बसवलं आणि बजावलं, "हे नीट चाललं तर राहा तिथे. नाहीतर मेमध्ये मी तुला घेऊन जाणार, मग रडायचं नाही." पोरगी बोलली की करते, हे आईला ठाऊक होतं. बंगळूरच्या त्या सातव्या मजल्यावर आठवडाभर राहून आल्यावर साळूबाईला मातीत हात घातल्याशिवाय जेवण गेलं नव्हतं. त्यामुळे कॅमेऱ्यापुढे ती शहाण्यासारखी वागू लागली. फाटक आठवणीने लावायची. टाकीवर जातानाही धुवट पातळ नेसायची.

बयाबाई शेजारीण. दुपारी ओवायला यायची, ती आता वेणीफणी करून यायला लागली.

"साळू, ह्यात माझं तोंड दिसतं का गं?"

"दिसतं की. दीपा म्हनत होती, बयामावशी बारीक झाली."

बयाबाईने सुईत दोरा ओवला, गाठ मारली, परत सोडली. तिचा सुनील मस्कतला हॉटेलात होता. दोन वर्षं झाली, घरी यायला सुट्टी मिळत नव्हती. "त्याला बी दिसंल का?" तिने खाली बघूनच विचारलं.

साळूबाईला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. बाजाराला जाताना घराची किल्ली ती बयाबाईकडेच टाकून जायची. लॅचची दुसरी किल्लीही तिथेच, बयाबाईच्या देव्हाऱ्यामागे. घराची किल्ली जिच्याकडे, तिला ही किल्ली नाही म्हणायचं? "नंबर तुला पाठच हाय," ती म्हणाली, "आमच्या ह्यांच्या लुनाचा." घराचं ते कायमचं नावही तिने देऊन टाकलं.

महिनाभर सगळं सुखाने चाललं. मग एका गुरुवारी संध्याकाळी दीपमालेचा फोन आला. आवाज बर्फासारखा गार.

"आई, आपले कॅमेरे मस्कतमधून कोण बघतंय? मशीनमध्ये नोंद आहे."

"आपला सुनील. मीच दिला त्याला नंबर."

"तू पासवर्ड वाटलास? मी एवढे उपद्व्याप केले ते कशासाठी? तो कुठल्या तरी कॅफेत बसून टाकत असेल, मागून दहा जण बघत असतील."

"अगं, शेजारी किल्ली देतो तशी दिली. तुझ्या घराची किल्ली कोनाकडं असती?"

"माझ्याकडे. दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच असतात. असंच असतं आई सगळीकडे." मग ती थकल्यासारखी म्हणाली, "मी शनिवारी येतेय. ललितलाही बोलावते. आणि तू सामानाचं बघून ठेव."

साळूबाईने फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसली. तिला रडू आलं. पण समोर कॅमेरा होता, म्हणून ती उठून आत गेली आणि तिथे रडली.

शुक्रवारी दुपारी ती टाकीवर बादली भरायला गेली. डोक्यात सामानाचाच विचार, पायाखाली शेवाळ. पाय मुरगळला आणि ती तिथेच बसली. उठायला गेली तर डोळ्यापुढे अंधारी आली. मागे उंच भिंत, पुढचं दार लॅचने बंद, मोबाईल कॉटवर. तिने बयाबाईला हाका मारून बघितल्या. पण बयाबाईचा टीव्ही जोरात होता, मालिकेत कोणाचं तरी लग्न मोडत होतं. साळूबाईने पदराने घाम पुसला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. दीपा आत्ता ऑफिसात. बघितलं तरी बंगळूरहून काय करणार होती बिचारी?

जरा वेळाने पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. बयाबाई धापा टाकत आली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात मोबाईल.

"सुनील वरडतोय मघापासनं," ती म्हणाली. "मावशी टाकीपाशी बसलीय, उठंना, जा म्हनतो. आज शुक्रवार, त्याला सुट्टी असती." आणि मोबाईल कानाला लावून म्हणाली, "पोचले रे बाबा. बोलतीय ती. आता तू जेवून घे."

शनिवारी दीपमाला आली तेव्हा साळूबाई पायाला आंबेहळदीचा लेप लावून कॉटवर बसली होती. काय झालं ते बयाबाईनेच सांगितलं, दोनदा. दीपमाला ऐकत राहिली. आईच्या पायावर हात ठेवला तो तिने बराच वेळ उचलला नाही.

"ताई, पासवर्ड बदलून टाकू ना?" ललितने विचारलं.

"बदला. लुनाचा नंबर नको, तो मनमाडपर्यंत माहीत असेल." मग बयाबाईकडे बघत ती ललितला म्हणाली, "आणि सुनीलदादासाठी लॉगिनचं वेगळं नाव तयार करा. त्याचा पासवर्ड त्याचाच. फक्त बघता येईल असं. मावशी, त्याला सांगा, शक्यतो कॅफेत नको, मित्राच्या कॉम्प्युटरवर बघ."

बयाबाईने डोळ्याला पदर लावला. साळूबाई मुलीच्या तोंडाकडे बघत होती. सामानाचं काय, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. रविवारी दीपमालेने टाकीजवळचं शेवाळ स्वतः घासून काढलं, रात्रीची गाडी पकडली आणि गेली. कपाटावरची रिकामी बॅग तिने हलवलीसुद्धा नव्हती.

आठवड्याने सकाळी, साळूबाई लंगडत फाटकाजवळची शेवंती खुडत असताना फोन वाजला.

"आई, कमरेत वाकू नकोस एवढी, दिसतंय मला."

"दिसू दे. तू जेवलीस का रात्री?"

"जेवले." मग दीपमाला म्हणाली, "आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहतात. तीन वर्षं झाली, मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. काल बेल वाजवली. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड धड येत नाही. त्यांनी बसवून उपमा खायला घातला."

"मग?"

"मग काय. एक किल्ली त्यांच्याकडे ठेवून आले."