अटीवर बारावी

ठकू बारावीत गेली, पण अटीवर गेली. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती आणि गणितात अशी काही नापास होती की ग्रेस मार्कांनीही हात टेकले. शाळेचा नियम असा, की एकच विषय राहिला असेल तर पोराला वरच्या वर्गात बसू द्यायचं, पण शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात त्या विषयाची फेरपरीक्षा घ्यायची. पास झालात तर बारावी तुमची. नाही झालात तर दप्तर उचलायचं, जिना उतरायचा आणि कालपरवापर्यंत ज्यांना 'ए बारक्या' म्हणून हाक मारत होतात त्यांच्या शेजारी अकरावीत जाऊन बसायचं.

ठकूची आई ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. निकाल ऐकून ती म्हणाली, "अटीवर म्हणजे कच्चं लायसन्स. आता महिनाभर पाठीला 'एल' लावून फिर."

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते कोणालाच वाईट बोलत नसत. "होतं असं. एखाद्या डोळ्याचा नंबर जास्त असतो," ते म्हणाले. "बाकीचं स्वच्छ दिसतंय ना तिला?"

"बाकीचं फारच स्वच्छ दिसतंय," आई म्हणाली. "भांडणं करताना बघा की."

आईचं अगदीच खोटं नव्हतं. ठकूला 'पण का?' असं विचारायची खोड होती आणि या खोडीचं गणिताच्या काटकोन सरांशी मुळीच जमलं नाही. सर फळ्यासमोर इतके ताठ उभे राहायचे की त्यांचं खरं नाव पोरं कधीच विसरली होती. ठकूने 'पण का?' विचारलं की सर म्हणायचे, "सूत्र आहे म्हणून." ठकू म्हणायची, "पण सूत्र तसं का?" मग सर दाराकडे बोट दाखवायचे. अकरावीचं अर्धं गणित तिने व्हरांड्यातून ऐकलं आणि व्हरांड्यातून फळा दिसत नाही.

आणि एकदा ऑफ तासाला तर्कशास्त्राच्या बाई आल्या. ठकूने सवयीने 'पण का?' विचारलं आणि सवयीनेच उठून दाराकडे निघाली. बाई म्हणाल्या, "अगं, कुठे निघालीस? चांगला प्रश्न आहे, बस." ठकू बसली ती गहिवरूनच. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी तिच्या प्रश्नाला चांगलं म्हटलं होतं. तिने बाईंकडून पुस्तक मागून घेतलं आणि परीक्षेच्या तोंडावर, गणित बाजूला ठेवून, दोनदा वाचून काढलं. गणिताचं जे झालं त्याला हेही एक कारण होतं, पण ते घरी सांगण्यासारखं नव्हतं.

बारावीत चौथ्या तासाला दोनच वाटा होत्या. गणित घ्या, नाहीतर तर्कशास्त्र घ्या. ठकूची वाट ठरलेली होती. अडचण एवढीच, की तर्कशास्त्राला वीस पोरं तरी लागत आणि दरवर्षी ती जेमतेम, ओढूनताणून जमत. यंदा नऊच झाली होती. "वीस नाही झाले तर विषय बंद," बाई पुस्तक परत घेताना म्हणाल्या. "मग मला संस्थेच्या दुसऱ्या शाळेत पाठवतील." त्या हसून म्हणाल्या, पण ठकूने लगेच पुढचा हिशेब मांडला. बाई गेल्या की चौथा तास काटकोन सरांचा. म्हणजे पुन्हा व्हरांडा.

एखाद्या गुणी मुलीने घरोघरी जाऊन त्या विषयाचे फायदे समजावून सांगितले असते. ठकू गुणी नव्हती. ती सरळ रेडिओकडे गेली.

रेडिओ ही तिची जिवाभावाची मैत्रीण. एका बाकावरची बातमी दुसऱ्या बाकावर पोचायच्या आत ती शाळाभर करायची, म्हणून हे नाव. ठकूने तिला पाण्याच्या टाकीमागे नेलं, इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कोणाला सांगू नकोस हं. तर्कशास्त्र यंदा सगळ्यांना देणार नाहीयेत."

"म्हणजे?"

"डोकं बघून देणार. बाई निवडणार. साध्यासुध्या पोरांना गणितात ढकलणार."

"आई शप्पथ! तुला कोण म्हणालं?"

"ते विचारू नकोस. आणि माझं नाव तर मुळीच घेऊ नकोस, मेलीस तरी."

रेडिओने मान डोलावली आणि ती पाण्याच्या टाकीमागून जी सुटली ती तडक कॅन्टीनच्या रांगेत. ठकूचं नाव सोडून तिने सगळं सांगितलं.

त्यानंतर ठकूला काही करावंच लागलं नाही. आपलं डोकं साधंसुधं आहे असं मानणारं पोर त्या शाळेत एकही नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे तसं मानणारा एकही पालक नव्हता. ऑफिसातल्या कारकून बाईंचा फोन दिवसभर वाजू लागला. "निवड कशावर होणार?" लोक विचारायचे. कारकून बाई बिचाऱ्या खरं सांगायच्या, की निवडबिवड काही नाही. ते ऐकून लोकांची खात्रीच पटायची. नसती तर इतक्या ठामपणे नाही कशाला म्हणाल्या असत्या?

संध्याकाळी बाबा दुकानातून आले ते तोंड पाडूनच. चष्मा काढून पुसत राहिले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"ते डॉक्टर आले होते फ्रेम बदलायला. म्हणत होते, तर्कशास्त्र म्हणे फक्त हुशार पोरांनाच देतात. त्यांच्या मुलाची खटपट चाललीय." बाबांनी ठकूकडे अपराध्यासारखं बघितलं. "आपल्या ठकूला मिळेल का गं?"

ठकूला इतकं हसू आलं की तिला पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळावं लागलं. आपली अफवा आपल्याच घरी चपला काढून आत येते, हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. आईला मात्र त्या हसण्यात काहीतरी खटकलं. समोर रस्ता मोकळा दिसतो तेव्हाच ब्रेकवर पाय ठेवायचा, असं ती शिकणाऱ्यांना बजावत असे, आणि आता तिने ठकूकडे त्याच नजरेने बघितलं.

विषय निवडायच्या दिवशी हॉलमध्ये ही झुंबड उडाली. तर्कशास्त्राच्या टेबलापुढची रांग दाराबाहेर गेली. गणिताच्या टेबलाशी काटकोन सर एकटेच ताठ बसून होते. ठकू शेवटच्या बाकावर बसून हे सगळं मालकासारखं बघत होती. वीस कधीच झाले. तीस झाले. बाईंचा चेहरा नुसता फुलला होता. ठकूचंही मन भरून आलं.

मग मुख्याध्यापिका बाई माईकवर म्हणाल्या, "तर्कशास्त्राचे चाळीस पूर्ण झाले. विषय भरला. आता अटीवर बारावीत आलेल्यांनी पुढे यावं."

ठकूचं धाबं दणाणलं. अटीवाल्यांनी सगळ्यात शेवटी विषय घ्यायचा, हा नियम तिला ठाऊक नव्हता असं नाही. पण दरवर्षी शेवटी आलेल्यालाही तर्कशास्त्राची अख्खी बाकं मोकळी मिळायची, म्हणून या नियमाकडे कोणी लक्षच दिलं नव्हतं. आपण रांग वाढवतोय आणि त्या रांगेच्या शेपटाला आपणच उभ्या आहोत, हे त्या दीडशहाणीच्या डोक्यात आलंच नाही.

तिने वेळ काढला. "मला उद्यापर्यंत विचार करायचाय," असं सांगून ती सटकली आणि रेडिओला पुन्हा टाकीमागे नेलं. "आता सांग सगळ्यांना, की तर्कशास्त्र भयंकर कंटाळवाणं आहे. मार्क पडत नाहीत. डोळे बिघडतात."

रेडिओने इमानदारीत सांगितलं. पोरं एकमेकांकडे बघून हसली. "बघ, ज्यांना नाही मिळालं ते आता काय काय उठवतायत," पोरं म्हणाली आणि आणखी कितीतरी जणांनी प्रतीक्षा यादीत नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी तोडगा काढला. प्रतीक्षा यादीतल्या सगळ्यांसाठी तर्कशास्त्राची दुसरी तुकडी उघडायची. ठकूने सुटकेचा श्वास टाकला आणि नाव नोंदवून मोकळी झाली. चौथ्या तासाला बाईंना बाहेरून तरी बघू, अशी तिने मनाची समजूत घातली. दुसरी तुकडी बाई घेणार नाहीत, कारण त्याच वेळी त्या पहिलीवर असणार, एवढं तिला कळत होतं. मग कोण घेणार? ज्याचा तास मोकळा असेल तो.

आणि चौथ्या तासाला अख्ख्या शाळेत एकच माणूस मोकळा होता. त्याच्या गणिताकडे यंदा कोणी फिरकलं नव्हतं.

काटकोन सर वर्गात आले तेव्हा त्यांच्या हातात खाकी कव्हर घातलेलं कोरं पुस्तक होतं. त्यांनी पहिलं पान वाचलं, फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि त्याखाली दुसरं. ठकूला राहवेना.

"सर, पण हे त्यावरून कसं काय निघतं?"

पोरांनी तिला बाहेर जायला वाट करून दिली. सरांनी फळ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, पान उलटून मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"माहीत नाही," ते म्हणाले. "उद्या सांगतो."

ठकूला धरणीकंप झाल्यासारखं वाटलं. तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, खडूकडे बघत होते.

"तू हे पुस्तक वाचलेलं दिसतंय."

"हो सर. दोनदा. मागच्या वर्षीच."

"हं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आणि तुला गणितातलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "फेरपरीक्षा कधी आहे तुझी?"

अशी त्यांची देवघेव सुरू झाली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात पहिला अर्धा वेळ ठकू सरांना तर्कशास्त्र समजावायची, दुसरा अर्धा वेळ सर तिला गणित. सर विद्यार्थी म्हणून महाभयंकर होते. तेच आता दर दोन वाक्यांनी 'पण का?' म्हणायचे आणि ठकूच्या तोंडाला फेस यायचा. "सर, ते तसंच असतं!" ती एकदा वैतागून ओरडली आणि दोघांनाही एकदमच 'सूत्र आहे म्हणून' आठवलं. त्या दिवसापासून सरांनी गणितातलं प्रत्येक सूत्र कुठून येतं ते तिला पहिल्यापासून दाखवायला घेतलं. सूत्र पाठ करण्यापेक्षा त्याला वेळ जास्त लागायचा, पण ते तिच्या डोक्यात राहू लागलं. तिला सर आवडायला लागले होते. त्यामुळे एक कठीण गोष्ट अशी झाली की गणिताच्या रिकाम्या बाकांची तिला लाज वाटू लागली.

फेरपरीक्षा झाली. चार दिवसांनी सरांनी तिला बोलावलं. टेबलावर तिचा पेपर पालथा ठेवलेला होता.

"माझा वर्ग रिकामा करणारी अफवा कोणी उठवली ते मला कळलंय," सर म्हणाले.

ठकूची नजर टेबलाकडे गेली. पालथा पेपर सरांच्या हाताखाली होता.

"सगळे म्हणतात, रेडिओने सांगितलं. रेडिओला विचारलं, तर म्हणते आठवत नाही. मागच्या वर्षी कोणत्या वारी मी कोणता शर्ट घातला होता ते तिला आठवतं आणि हे आठवत नाही? म्हणजे ती कोणाला तरी वाचवतेय. ती जिच्यासाठी तोंड मिटून बसेल अशी मुलगी शाळेत एकच आहे. आणि तर्कशास्त्राचं पुस्तक सगळ्यांच्या आधी वाचलेलीही तीच."

"बरोबर आहे सर," ठकू पुटपुटली. "अनुमान बरोबर आहे."

"शंका मला केव्हाच आली होती. पण रेडिओला मी आज सकाळी विचारलं. पेपर तपासून, मार्कांवर सही करून, मग विचारलं."

"पण का?"

"का म्हणजे? माणूस आहे मी. तुझं नाव नक्की कळलं असतं तर तुझं बरोबर उत्तर मला बरोबर दिसलं असतं का, याची मला खात्री नव्हती."

त्यांनी पेपर उलटला. ती पास होती, अगदी काठावर. ठकूला आकडे धूसर दिसायला लागले.

"सर, मला तुमचा वर्ग रिकामा करायचा नव्हता," ती नाक ओढत म्हणाली. "मला फक्त बाईंचा भरायचा होता."

"पोरं तेवढीच, तास तोच," सर म्हणाले. "तुझ्या या वाक्यात चूक आहे, दिसतेय का?"

"दिसतेय."

"छान. उद्या चौथ्या तासाला ती वर्गाला समजावून सांग. पहिल्यापासून, अफवेपासून सुरुवात कर. उदाहरणात नाव खरं घालायचं."

"माझं?"

"दुसऱ्या कोणाचं आहे का?" सर म्हणाले आणि खडू उचलून निघून गेले.

ठकू पेपर छातीशी धरून उभी राहिली. उद्या सगळ्या वर्गासमोर तिची चांगलीच फजिती होणार होती. पण ती बारावीच्या वर्गासमोर होणार होती.